नवी ट्रॉली, पहिली वारी

ज्येष्ठ लागला की आमच्या ओसरीवर कोणीतरी येऊन बसतो. माणूस दरवर्षी निराळा, पण बोलणे तेच. "तात्या, औंदा ट्रॉली घेतली. दिंडीचं सामान आमच्याच ट्रॉलीत घालायचं म्हणतोय. काय काय बघावं लागंल?" ट्रॉली घेतलेली असते शेणखतासाठी, उसासाठी, बाजाराला कांदा न्यायला. पण घरातल्या म्हातारीचा हट्ट असतो, की नव्या ट्रॉलीचा पहिला मोठा फेरा माउलींच्या वाटेवर व्हावा. हट्ट चांगलाच आहे. फक्त मळ्यातून घरापर्यंत दोन किलोमीटर खत ओढणे वेगळे, आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, भर पावसाळ्यात, लाखो माणसांच्या गर्दीतून साठ माणसांचा संसार ओढणे वेगळे. गेली चौदा वर्षे आमची ट्रॉली गावच्या दिंडीबरोबर जाते. त्या अनुभवावर चार गोष्टी लिहितो. ज्यांच्या दारात यंदा नवी ट्रॉली उभी आहे त्यांनी वाचाव्यात, आणि ज्यांच्या घरातून कोणी वारीला जाणार आहे त्यांनीही वाचाव्यात.

आधी वजनाचे बघू. सामान भरताना 'एवढ्याशा पिशव्या' असे सगळेच म्हणतात. पण हिशेब करून पाहा. माणशी पिशवी आणि वळकटी मिळून बारा किलो धरले तर साठ माणसांचे सातशे वीस किलो झाले. वीस दिवसांचा शिधा माणशी रोज अर्धा किलो म्हटला तरी सहाशे किलो. राहुट्या, ताडपत्र्या, सतरंज्या तीनशे किलो, आणि एकदा पाऊस लागला की त्याच साडेचारशे होतात. पातेली, शेगड्या, सिलिंडर हे आणखी तीनशे. भरलेले घरगुती सिलिंडर एकटेच तीस किलोच्या घरात जाते. त्यात कोणी हौसेने हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की एक टन आणखी वाढला. म्हणजे तीन टन झाले, ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळेच. टाकी नेऊच नये असे माझे मत. पालखीच्या वाटेवर टँकर असतात, घट्ट झाकणाचे दोन पिंप पुरतात. न्यायचीच असेल तर चालताना एक तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी. अर्धी टाकी वळणावर हिंदकळते, आणि पाणी ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रॉली झुकते.

वजन किती यापेक्षाही ते कुठे ठेवले, याला जास्त महत्त्व आहे. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. पुढे जास्त भरले तर सगळा भार बैलांच्या मानेवर. दोन चाकी ट्रॉलीचा न्याय अगदी हाच आहे. मागे जड झाली तर ती हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची पकड कमी होते आणि रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी डुलू लागते. फार पुढे जड झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात आणि स्टेअरिंग नुसतेच फिरते. तेव्हा धान्य, पातेली, सिलिंडर असे जड सामान आसाच्या बरोबर वर आणि जरासे पुढे, तळाला ठेवावे. वळकट्या, पिशव्या मागे आणि वर.

आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तिकडे लोक मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीला जातात. त्यात चूल, बिछाना, मोरी सगळे असते. त्याने पहिल्यांदा तसले घर घेतले तेव्हा त्याला तिथल्या जाणत्या लोकांनी पहिला धडा दिला तो हाच. घराच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर यावा, फार तर शंभरातले पंधरा. त्याहून कमी आला तर घर डुलू लागते आणि मोटारीलाही रस्त्याखाली घेऊन जाते. तो सुट्टीत आला तेव्हा हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. माझा थोरला भाऊ म्हणाला, "आरं, आपला आज्जा शाळंत न जाता हेच सांगत हुता की!"

हुकाच्या बाबतीत मात्र कौतुक नको, शिस्त हवी. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी, वरच्या लिंकला कधीही नाही. वर जोडून चढाला जोर लावला की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे ड्रायव्हरवर पालथा होतो. पीन तिच्या मापाची हवी आणि खालून तिला चिमटा हवा. पीन हरवली म्हणून पहारीचा तुकडा किंवा बोल्ट घालून चालवणारे मी दर वर्षी पाहतो. रस्त्याच्या धक्क्यांनी असला तुकडा केव्हा वर उडेल ते सांगता येत नाही. हुकाशेजारी एक जाड साखळी ट्रॅक्टरला बांधून ठेवावी, म्हणजे पीन निसटलीच तरी ट्रॉली मागच्या माणसांत शिरत नाही. वारीत मागे माणसेच असतात हे विसरून चालत नाही.

आता ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. जो काही थांबवायचा भार, तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. शेतात वळण घ्यायला आपण डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायट्या खटक्याने एकत्र जोडल्या पाहिजेत, नाही तर ऐन वेळी एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतार लागला की ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरवावा. गिअर उताराच्या आधी टाकावा, मध्यावर नाही. आणि डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करून सोडणाऱ्यांना काय म्हणावे? तीन टनांची ट्रॉली मागून ढकलत असते, तेव्हा इंजिन हाच खरा ब्रेक असतो. तोच सोडून दिल्यावर उरते काय? कारखान्याच्या उसाला लोक एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडतात. वारीच्या वाटेवर तो प्रकार करू नये.

नवी ट्रॉली म्हणून टायर-बेरिंगची काळजी नको असे काहींना वाटते. नव्याचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरला सैल होतात, म्हणून पाना हाताशी ठेवून ते पुन्हा आवळावेत. जुनी घेतली असेल तर टायरच्या कडेला बोटाने दाबून पाहावे. ट्रॉली वर्षातून आठ महिने उन्हात उभी असते, नक्षी शाबूत दिसते पण कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. निघण्याआधी बेरिंगला ग्रीस भरून घ्यावे, आणि वाटेत पहिल्या थांब्याला चाकाच्या मध्यावर हात ठेवून पाहावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेरिंग तापले आहे, तिथेच थांबावे. स्टेपनी, जॅक आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी एवढे सामानात सगळ्यांत वर असावे. फळी नसेल तर ओल्या जमिनीत ट्रॉली उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

मागे वळवून लावण्याचा सराव गावातच करावा. कापणी झालेल्या रानात दोन डबे ठेवून त्यांच्यामधून ट्रॉली मागे घ्यायला शिकावे. दोन चाकी ट्रॉली ज्या बाजूला न्यायची त्याच्या उलट बाजूला स्टेअरिंग फिरवावे लागते. चार दिवसांत हात बसतो. चार चाकी ट्रॉलीला मात्र दोन ठिकाणी सांधा असतो, तिथे मुरलेल्या ड्रायव्हरचीही गंमत होते. ती मागे घ्यावीच लागणार नाही अशा जागी लावणे हेच शहाणपण.

मुक्कामाची जागा ड्रायव्हरने उजेडी, पायी फिरून पाहावी. माळशिरस तालुक्यात शिरल्यावर काळी राने लागतात. दुपारी टणक वाटलेली जमीन रात्रीच्या एका सरीने लोण्यासारखी होते, आणि पहाटे सगळी दिंडी पुढे निघून गेली तरी ट्रॉली आसापर्यंत रुतलेली. मुरमाचा तुकडा शोधावा, तोंड रस्त्याकडे करून लावावे, चाकांना पुढून-मागून दगड द्यावेत. ट्रॉलीवर कमानी लावून ताडपत्री टाकली असेल तर वरच्या तारांकडे नजर ठेवावी. उंच पताका ट्रॉलीला बांधू नये. गावातल्या गल्लीत विजेच्या तारा कोठे किती खाली आल्या आहेत, याचा नेम नसतो.

पाऊस आला की माणूस आसरा शोधतो आणि ट्रॉलीखालची कोरडी जागा सर्वांना दिसते. वाल्ह्याच्या मुक्कामी एका पहाटे साडेतीनला मी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी नेहमीप्रमाणे बॅटरी घेऊन ट्रॉलीला फेरी मारली, तर खाली दोन तरणी पोरे घोंगडी पांघरून गाढ झोपलेली. आमच्या दिंडीतली नव्हती, कुठून आली तेही ठाऊक नाही. एकाचे डोके चाकाला उशीसारखे टेकलेले होते. त्यांना हलवून उठवले, तर "माउली, काय झालं?" म्हणत डोळे चोळीत निघून गेली. त्या दिवशी मला नाष्टा गेला नाही. किल्ली लावण्यापूर्वी खाली वाकून पूर्ण फेरी मारायची आणि मोठ्याने हाक द्यायची, हा नेम दिवसातून दहा वेळा थांबलो तरी दहाही वेळा पाळायचा. किल्ली रात्री ड्रायव्हरच्या खिशात, ट्रॅक्टरला लटकलेली नाही. आणि गावोगावची मुले हुकाच्या दांडीवर उभी राहून मजा करतात, त्यांना आधीच खाली उतरवावे.

एक पोटतिडकीने सांगायचे आहे ते त्या मोठ्या टेपबद्दल. नव्या ट्रॅक्टरवर नवा टेप असतोच, आणि अभंग लावले म्हणजे कोणी बोलू शकत नाही. पण मागून माणूस 'थांब, थांब' म्हणून ओरडत असेल तर ते ऐकू यायला नको का? गर्दीत टेप बंद ठेवावा. टाळ-मृदंग चालू असताना त्याची गरज तरी काय? मदतनीस पोरगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू नये, तो पायी किंवा मोटारसायकलवर असावा. गर्दीत ट्रॉलीच्या मागे चालून शिट्टीने इशारा द्यावा.

संध्याकाळनंतर चालवायचेच नाही असे ठरवले तरी वेळ येते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला दोन्ही टोकांना लाल रेडियम लावावे, बाजूंनाही लावावे, आणि ताडपत्री त्यावर लोंबत नाही ना ते पाहावे. मागचे दिवे वायर जोडून लागतात की नाही, ते घरीच बघून निघावे. ट्रॅक्टरच्या मागे शेतकामासाठी जो पांढरा दिवा असतो तो रस्त्यावर बंद हवा. त्याने मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला ट्रॉली दिसतच नाही.

एवढे सगळे यंत्राचे झाले. ते शिकता येते. माणसांचे मात्र अवघड आहे.

ट्रॉलीत माणसे बसवायची नाहीत. कायद्याने ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, हे आपण सगळे जाणतो आणि लग्नाला, जत्रेला, खुरपणीला बिनदिक्कत माणसे भरतो. १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूर भागात देवदर्शन करून परतणाऱ्या लोकांची ट्रॉली रस्त्याकडेच्या तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक बायका आणि लेकरे होती. ते लांबचे म्हणाल, तर ४ एप्रिल २०२५ ला आपल्याच नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात कामाला निघालेल्या मजूर बायकांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. ट्रॉलीला धरायला काही नसते. माणसे सामानावर बसतात तेव्हा फाळक्याच्याही वर असतात. एक चाक साइडपट्टीवरून घसरले की ट्रॉली कलंडते, माणसे आधी पडतात आणि मग सामान त्यांच्यावर पडते. विम्याचेही ऐकून ठेवा. ट्रॉलीचा विमा काढलेला असला तरी तो तीत बसवलेल्या माणसांसाठी नसतो. भरपाईचा बोजा शेवटी मालकाच्या जमिनीवर येऊ शकतो.

हे सगळे खरे, पण वाटेत हे बोलायचे कोणाशी? तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तरडगाव सोडले आणि माझ्या थोरल्या आत्याचे गुडघे सुजले. सत्तरी ओलांडलेली बाई. ट्रॉलीजवळ येऊन म्हणाली, "मला तेवढी वर घे. पिशव्यांवर बसंन, कुणाला आडचन न्हाई." मी म्हणालो, "आत्या, रागवा, पण ट्रॉलीत नका बसू." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला मी काखंत खेळवलाय. पोत्याला जागा हाय आन मला न्हाई व्हय?" चार बायका ऐकत होत्या. मान वर करवेना. तिला एकाच्या मोटारसायकलवरून फलटणला पोचवले, तिथून एसटीने पंढरपुरात आमच्या नेहमीच्या मठात. ती बिचारी चालायला आली होती, आणि मी तिला पुढे पाठवून दिले. एकादशीला भेटली तेव्हा पाया पडलो, तर पाठीवर हात ठेवला, पण बोलली नाही. दिवाळीपर्यंत बोलली नाही.

मी पन्नाशीतला माणूस, माझी ही गत. मग विशीतला ड्रायव्हर पोरगा दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसाला, स्वतःच्या चुलत्याला, नाही कसा म्हणणार? एकाला घेतले की दुसरा विचारतो, मग तिसरा. त्या वर्षी भाद्रपदात दिंडीची बैठक झाली तेव्हा मी विषय काढला. बराच आवाज चढला. शेवटी ठरले ते असे, की ट्रॉलीत कोणी बसायचे नाही हे गाव सोडण्यापूर्वी मारुतीच्या देवळात विणेकऱ्यांनीच सर्वांसमोर सांगायचे. ड्रायव्हरला कोणी विचारायचेच नाही. आणि थकलेल्यांसाठी वर्गणीतून एक जीप ठरवायची. पहिल्या वर्षी वर्गणी वाढल्यावर कुरकुर झाली, पुढे सवय झाली. जीपच्या पहिल्या सीटवर आत्या बसायची, तीन वर्षे बसली. आता ती नाही.

जीप परवडत नसेल तर एसटी आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात २०२२ पासून एसटी मोफत झाली, बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. वारीत रस्ते वळवलेले असतात, तेव्हा कोणत्या गावाहून गाडी मिळेल याची चौकशी आदल्या मुक्कामीच करून ठेवावी. म्हाताऱ्या माणसाबरोबर एक तरणा द्यावा, त्याचे त्या दिवसाचे चालणे बुडाले तरी चालेल.

कागदांचे थोडक्यात. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी, नंबर वेगळा, विमाही वेगळा काढलेला असावा. दिंडीच्या वाहनाचा पास ट्रॅक्टरला काच नसल्याने पिशवीत घालून मडगार्डला बांधावा, पावसात त्याचा लगदा होतो. सिलिंडर नेहमी उभे बांधावे, चालताना नळी काढलेली असावी, आणि डिझेलचा कॅन शिध्याजवळ येऊ देऊ नये. ट्रॉलीत चूल किंवा शेगडी पेटवणे हा प्रकारच नको.

शेवटचे परतीचे, कारण गाफीलपणा तेव्हाच होतो. शिधा संपलेला असतो, ट्रॉली अर्धी रिकामी दिसते, माणसे वीस दिवस चालून थकलेली असतात आणि घरची ओढ लागलेली असते. 'आता जागा हाय की' असे म्हणून जो तो वर चढायला बघतो. ड्रायव्हर एकादशीच्या रात्री कीर्तनाला जागलेला असतो. हलकी ट्रॉली खड्ड्यात जास्त उसळते, हेही लक्षात राहत नाही. आमच्या दिंडीत माणसे द्वादशीला उपवास सोडून एसटीने किंवा जीपने आपापली निघतात. ड्रायव्हर मात्र त्या दिवशी दुपारभर मठात झोपतो, त्याला कोणी उठवत नाही. त्रयोदशीला उजाडल्यावर चाकाचे नट, पीन, साखळी पाहून ट्रॉली निघते. तिच्यात पातेली, ओल्या राहुट्या आणि गावभर प्रसाद वाटायला घेतलेली चुरमुऱ्यांची पोती असतात.